पित्ताने की अर्धशिशीने? डोकेदुखीचा प्रकार कसा ओळखावा

मराठी घरात कुणाचे डोके का दुखते आहे असे विचारले, तर ‘पित्त झाले’ हे उत्तर बहुतेक ठरलेले असते. उन्हातून फिरणे झाले, जेवणाची वेळ टळली किंवा रात्री जागरण घडले, की दुसऱ्या दिवशी डोके ठणकू लागते, उजेड नकोसा होतो, मळमळते. दुपारी कडू पिवळे पाणी उलटून पडते आणि त्यानंतर तासाभराने हलके वाटू लागते. पित्त पडले म्हणून डोके उतरले, हा निष्कर्ष त्यातूनच निघतो. माझ्या आईने आयुष्याची पंचवीस वर्षे हेच मानले. मोरावळा, आमसुलाचे पाणी, आम्लपित्ताच्या गोळ्या आणि सकाळी मिठाचे पाणी पिऊन मुद्दाम काढलेली उलटी, असे सगळे तिने केले. पण महिन्यातून तीन-चार दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहणे काही चुकले नाही. तिला होती ती अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन. या आजाराच्या झटक्यात जठराची हालचाल मंदावते, त्यामुळे मळमळ आणि उलटी होते. पोट रिकामे असेल तर बाहेर पडते ते पित्तच असते. उलटी हे त्या झटक्याचे लक्षण आहे, कारण नव्हे. हा एवढा फरक वेळेवर कळला असता तर तिची कितीतरी वर्षे सुखाची गेली असती, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

डोकेदुखीच्या बहुसंख्य प्रकारांचे निदान रक्ताच्या तपासणीत किंवा एमआरआयच्या चित्रात दिसत नाही. ते रुग्णाच्या सांगण्यातून होते. आंतरराष्ट्रीय शिरोवेदना संघटनेने १९८८ मध्ये डोकेदुखीचे पहिले शास्त्रीय वर्गीकरण प्रसिद्ध केले आणि त्याची तिसरी आवृत्ती २०१८ मध्ये आली. त्यातील निकष पाहिले तर ते जवळजवळ सगळे किती वेळ दुखते, कुठे दुखते, कसे दुखते आणि सोबत काय होते, याच प्रश्नांवर उभे आहेत. आपल्याकडील आयुर्वेदाच्या ग्रंथांनीही वेदनेच्या वर्णनावरूनच प्रकार पाडले होते. सुश्रुतसंहितेत शिरोरोगाचे अकरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत अर्धे डोके भेदणारा अर्धावभेदक आहे, आणि सूर्याबरोबर चढून सूर्याबरोबर उतरणारा सूर्यावर्तही आहे. तेव्हा रुग्णाने आपल्या दुखण्याचे नीट वर्णन करायला शिकणे हीच प्रकार ओळखण्याची पहिली पायरी होय.

मुळात दुखते काय, हेही समजून घ्यावे. मेंदूच्या पेशींना स्वतःला वेदना कळत नाही. वेदना जाणवते ती मेंदूवरील आवरणांना, तेथील रक्तवाहिन्यांना, कवटीबाहेरच्या त्वचेला आणि स्नायूंना. चेहरा व कपाळ यांची संवेदना वाहणारी त्रिशाखी नस आणि मानेच्या वरच्या भागातून येणाऱ्या नसा मेंदूच्या देठाजवळ एकाच ठिकाणी मिळतात, त्यामुळे दुखणे मानेत असले तरी ते डोळ्यामागे जाणवू शकते, आणि अर्धशिशीत मान आखडली म्हणून तो मानेचाच आजार आहे असे वाटू शकते. जिथे दुखते तिथेच बिघाड असेल, असे डोक्याच्या बाबतीत गृहीत धरता येत नाही.

आधी धोक्याच्या खुणा पाहाव्यात

प्रकार ठरवण्याच्या आधी एक काम करायचे असते, ते म्हणजे ही डोकेदुखी दुसऱ्या एखाद्या गंभीर आजाराची सूचना तर नाही ना, हे पाहणे. बहुतेक वेळा ती तशी नसते. परंतु ज्या थोड्या वेळा असते, त्या वेळी तासांचा हिशोब महत्त्वाचा ठरतो.

डोक्यात वीज पडावी तशी वेदना उठली आणि एका मिनिटाच्या आत ती कळसाला पोहोचली, तर मेंदूभोवती रक्तस्राव झालेला नाही ना, हे पाहण्यासाठी लगेच रुग्णालय गाठावे. गोळी घेऊन झोपून पाहू नये. बोलणे अडखळणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, दोन-दोन दिसणे, फिट येणे किंवा शुद्ध हरपत जाणे यांपैकी काहीही सोबत असेल तरी तेच करावे. ताप आणि ताठरलेली मान यांच्यासह डोके दुखत असेल तर मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. आपल्या देशात यात क्षयरोगाचाही विचार करावाच लागतो, कारण क्षयाचा मेंदूज्वर एका रात्रीत येत नाही. दोन-तीन आठवडे डोके दुखत राहते, बारीक ताप येतो, भूक व वजन कमी होते आणि मग एके दिवशी रुग्ण बरळू लागतो.

पन्नाशीनंतर आयुष्यात प्रथमच डोके दुखू लागले, कंगवा फिरवताना कानशील हुळहुळते आणि भाकरी चावताना जबडा भरून येतो, असे कुणी सांगितले तर ते वयाचे दुखणे म्हणून सोडून देऊ नये. कानशिलाच्या रोहिणीला सूज आल्याची ही लक्षणे असू शकतात, आणि स्टेरॉइडचे उपचार तातडीने सुरू झाले नाहीत तर दृष्टी कायमची जाऊ शकते. वयस्कर माणूस न्हाणीघरात घसरून पडला होता, तेव्हा काही वाटले नाही, पण काही आठवड्यांनी डोके दुखू लागले व तो सुस्त राहू लागला, तर कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत असण्याची शक्यता असते. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या सुरू असतील तर ही शंका आणखी लवकर घ्यावी.

गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर तीव्र डोके दुखणे आणि डोळ्यांपुढे काजवे चमकणे हे वाढलेल्या रक्तदाबाचे, म्हणजे प्रीएक्लॅम्पसियाचे लक्षण असू शकते. बाळंतपणानंतरच्या दिवसांत मेंदूतील शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. त्यामुळे बाळंतिणीचे डोके दुखत असेल तर ‘वारे लागले असेल’ म्हणून कान बांधून ठेवणे पुरेसे नाही. सिझेरियनसाठी पाठीच्या कण्यात भूल दिल्यानंतर पहिल्या पाच दिवसांत होणारी डोकेदुखी मात्र वेगळी ओळखता येते: उठून बसले की ती वाढते आणि आडवे झाले की उतरते. तिच्यावर उपाय आहे, म्हणून ज्या डॉक्टरांनी भूल दिली त्यांना कळवावे.

आणखी दोन धोके आहेत, आणि त्यांतला पहिला आपल्या घरातच असतो. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे किंवा थंडीत दारे-खिडक्या लावून पेटवलेल्या कोळशाच्या शेगडीमुळे कार्बन मोनॉक्साइड साठतो. या वायूला वास नसतो आणि त्याची पहिली खूण बहुधा डोके दुखणे व गरगरणे हीच असते. घरातील अनेकांचे डोके एकाच वेळी दुखत असेल आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर उतरत असेल, तर ती शंका घेऊन ताबडतोब घराबाहेर पडावे. दुसरा धोका काचबिंदूच्या तीव्र झटक्याचा. डोळा लाल होतो, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात, कपाळ फुटू लागते आणि उलट्या होतात. या उलट्यांमुळेच रुग्णाला पोटाची औषधे दिली जातात आणि डोळा तसाच राहतो.

झटक्याच्या वेळी माणूस काय करतो, ते पाहावे

वरच्या खुणा नसतील तर आता प्रकाराकडे वळता येते. तीन प्रमुख प्रकारांतील भेद माणसाच्या वागण्यातूनच बराचसा कळतो, असे माझे मत आहे. ज्याला ताणाची डोकेदुखी आहे तो कुरकुरत का होईना, काम करत राहतो. अर्धशिशीचा रुग्ण दार लावून, पंख्याचा आवाजही सहन न होऊन, अंधारात निश्चल पडतो, कारण जिना चढला किंवा वाकून केर काढला तरी वेदना उसळते. क्लस्टर डोकेदुखीच्या, म्हणजे एकाच डोळ्याभोवती असह्य कळ येणाऱ्या प्रकाराच्या, रुग्णाला मात्र एका जागी बसवत नाही. तो येरझाऱ्या घालतो, डोळा दाबून धरतो, कधी भिंतीवर डोके आपटतो. घरच्या माणसांनी हे एवढे जरी डॉक्टरांना सांगितले तरी अर्धे निदान होते.

दुसरा आधार शब्दांचा आहे, आणि त्या बाबतीत मराठी समृद्ध आहे. ‘ठणकते’ किंवा ‘घणाचे घाव बसल्यासारखे वाटते’ असे शब्द अर्धशिशीचे आहेत. ‘जड झाले आहे’, ‘पट्टा आवळल्यासारखे वाटते’ हे ताणाच्या डोकेदुखीचे. ‘डोळ्यात सळई खुपसल्यासारखे’ हे क्लस्टरचे. ‘वीज चमकून गेल्यासारखी कळ येते’ असे कुणी म्हणाले, आणि ती कळ दात घासताना, चावताना किंवा गालाला वारा लागताना येऊन काही सेकंदांत जात असेल, तर ती बहुधा त्रिशाखी नसेची व्याधी असते. ती दाताची समजून निरोगी दाढा उपटून घेतलेली माणसे आहेत. डॉक्टरांपुढे म्हणूनच नुसते ‘दुखते’ असे न म्हणता आपल्या बोलीतला नेमका शब्द वापरावा.

अर्धशिशी

प्रौढांमध्ये उपचार न केलेला झटका ४ ते ७२ तास टिकतो. एका बाजूला दुखणे, ठणका, मध्यम ते तीव्र वेदना आणि हालचालीने वाढणे या चारांपैकी किमान दोन गोष्टी असाव्या लागतात. शिवाय मळमळ वा उलटी तरी असावी किंवा उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे व्हावेत. असे किमान पाच झटके येऊन गेले असतील तर निदान पक्के मानतात. अर्धे डोके दुखलेच पाहिजे, अशी अट यात नाही, हे ध्यानात घ्यावे. नावात ‘अर्ध’ असल्यामुळे पुष्कळांना आपले पूर्ण डोके दुखते म्हणजे ही अर्धशिशी नव्हे, असे वाटते. मुलांमध्ये तर ती बऱ्याचदा दोन्ही बाजूंना असते, झटका लहान असतो आणि मूल झोपून उठले की खेळायला जाते. त्यामुळे ते शाळा बुडवण्यासाठी ढोंग करते असा आरोप त्याच्यावर होतो, आणि तो अन्याय असतो.

काही जणांना वेदनेआधी पाच मिनिटे ते तासभर डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात, दृष्टीचा एक तुकडा पुसला जातो किंवा हाताच्या बोटांपासून ओठांपर्यंत मुंग्या सरकत जातात. याला ऑरा म्हणतात. ज्या स्त्रीला असा ऑरा येतो तिने इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, म्हणजे माला-डी किंवा माला-एनसारख्या गोळ्या, घेऊ नयेत, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. इस्ट्रोजेन नसलेले पर्याय स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावेत. ही माहिती औषधाच्या दुकानात कुणी देत नाही, म्हणून ती येथे मुद्दाम सांगितली.

अर्धशिशी हा मेंदूच्या संवेदनशीलतेचा आजार आहे आणि तो बऱ्याच प्रमाणात घराण्यातून येतो. झटक्यात त्रिशाखी नसेच्या टोकांतून सीजीआरपी नावाचे द्रव्य सुटते व आवरणांतील वेदना भडकते. या द्रव्याला अडवणारे पहिले प्रतिबंधक इंजेक्शन अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झाले, आणि या शोधामागील चार शास्त्रज्ञांना २०२१ चे ब्रेन प्राइझ मिळाले. असा संवेदनशील मेंदू बदल सहन करत नाही. झोप कमी झाली तरी दुखते आणि रविवारी उशिरापर्यंत झोपले तरी दुखते. मासिक पाळी सुरू होण्याआधीचे दोन व पाळीचे पहिले तीन दिवस इस्ट्रोजेन उतरल्यामुळे विशेष अवघड जातात.

आपल्याकडची काही निमित्ते परदेशी याद्यांत या रूपात सापडत नाहीत. चतुर्थीचा चंद्रोदयापर्यंतचा निर्जळ उपास, नवरात्रातील नऊ दिवसांची बदललेली जेवणे, वैशाखातील लग्नांची ऊन आणि जागरणे, बंद खोलीतील उदबत्तीचा व अत्तराचा वास ही त्यांतली ठळक आहेत. डोक्यावरून न्हाणे हेही एक निमित्त आहे: मुंबईतील शिरोवेदनातज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी न्हाल्यानंतर अर्धशिशी उठणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे २००६ मध्ये प्रसिद्ध केली. लांब केस ओलेच बांधून कामाला लागणाऱ्या बायका हे पिढ्यांपासून सांगत आल्या आहेत. ज्यांना हा अनुभव आहे त्यांनी उपाशीपोटी न्हाऊ नये आणि केस लगेच कोरडे करावेत, एवढा प्रयोग करून पाहायला हरकत नाही.

निमित्त शोधताना एक चूक मात्र टाळावी. झटक्याच्या आदल्या दिवशीच पुष्कळांना जांभया येतात, चिडचिड होते, मान आखडते आणि गोड खावेसे वाटते. ही झटक्याचीच सुरुवात असते. चॉकलेट खाल्ले म्हणून डोके दुखले असे वाटते, पण कित्येकदा डोके दुखणार होते म्हणूनच चॉकलेट खावेसे वाटलेले असते.

ताणाची डोकेदुखी आणि क्लस्टर

सर्वाधिक लोकांना होणारी डोकेदुखी ताणाची असते आणि तिच्याविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. ती दोन्ही बाजूंना असते, अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत टिकते, चालण्याने वाढत नाही, उलटी होत नाही. स्क्रीनपुढे वाकून बसणे, अपुरी झोप आणि काळजी यांच्याशी तिचा संबंध असतो. विश्रांती, मानेचे हलके व्यायाम आणि क्वचित एखादी साधी वेदनाशामक गोळी एवढ्याने ती आवरते.

क्लस्टर दुर्मीळ आहे आणि पुरुषांत अधिक आढळते. एकाच डोळ्याभोवती १५ मिनिटे ते ३ तास असह्य कळ येते. त्याच बाजूचा डोळा लाल होऊन पाझरतो, पापणी उतरते, नाकपुडी चोंदते. हे दिवसातून आठ वेळांपर्यंत होऊ शकते, बहुधा रात्री ठरावीक वेळेला झोपेतून उठवते, आणि काही आठवडे चालून महिनोन्‌महिने नाहीसे होते. त्या आठवड्यांत दारूचा एक घोटही झटका आणतो. साध्या गोळ्या येथे निरुपयोगी आहेत, कारण त्या लागू पडेपर्यंत झटका संपलेला असतो. मास्कमधून मोठ्या प्रवाहाने दिलेला शुद्ध ऑक्सिजन आणि सुमाट्रिप्टानचे इंजेक्शन हे खरे उपाय आहेत.

गोळीनेच होणारी डोकेदुखी

पूर्वी महिन्यातून चारदा दुखणारे डोके हळूहळू रोज दुखू लागले, सकाळी उठतानाच जड असते, आणि गोळी घेतली की दुपारपर्यंत बरे वाटून पुन्हा दुखते, असे होत असेल तर पर्समधील गोळ्यांची पट्टी मोजावी. तीन महिन्यांहून अधिक काळ महिन्याला १५ किंवा त्याहून जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या, अथवा १० किंवा त्याहून जास्त दिवस ट्रिप्टान (सुमाट्रिप्टानच्या गटातील औषधे), अर्गोटामाइन किंवा मिश्र गोळ्या घेतल्या, तर त्या गोळ्याच डोके दुखवू लागतात. आपल्याकडे औषधाच्या दुकानात ‘डोकेदुखीची गोळी’ म्हणून सहज मिळते तिच्यात बऱ्याचदा अर्गोटामाइन, कॅफीन आणि पॅरासिटामॉल एकत्र असतात. अर्गोटामाइन रक्तवाहिन्या आवळते. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ते घेऊ नये. ही सवय सोडताना पहिले काही दिवस डोके अधिक दुखते, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती सोडावी; पुढे बहुतेकांचे दुखण्याचे दिवस लक्षणीय कमी होतात. यात रुग्णाचा दोष नाही. दुखते म्हणून त्याने गोळी घेतली, इतकेच.

ज्यांच्यावर उगाच आळ येतो

पित्ताप्रमाणेच आणखी चार कारणे नको तितकी पुढे केली जातात. नाक चोंदले आणि भुवयांवर दुखले की सायनस ठरतो. परंतु खऱ्या सायनसच्या संसर्गात घट्ट पिवळा-हिरवा स्राव, ताप आणि वास न येणे अशी लक्षणे असतात, आणि वर्षानुवर्षे उठणारा ‘सायनस’ तपासला तर बहुधा अर्धशिशीच निघते. रक्तदाब १८०/१२० च्या आसपास किंवा वर गेल्याखेरीज सहसा डोके दुखवत नाही. त्यामुळे डोके दुखत नाही म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करणे घातक आहे. चष्म्याचा नंबर बदलला असेल तर वाचनानंतर संध्याकाळी डोळे व कपाळ दुखते, सकाळी उठताना उलटीसह नव्हे. चाळिशीनंतर मानेच्या एक्स-रेत मणक्यांची झीज बहुतेकांना दिसते. ती दिसली म्हणून डोके तिच्यामुळेच दुखते असे ठरत नाही.

उलट, काही कारणांकडे दुर्लक्ष होते. रोजचा तीन-चार कप चहा अचानक सोडला तर दिवसभरात डोके धरते आणि आठवड्याभरात आपोआप सुटते. मोठ्याने घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडणाऱ्या माणसाचे डोके रोज सकाळी जड असते. पावसाळ्यात ताप आणि डोळ्यांच्या मागे दुखणे असेल तर डेंग्यू व मलेरियाची तपासणी करावी. कोकणात आणि मुंबईत साचलेल्या पाण्यातून चालणे झाले असेल तर लेप्टोचीही. डेंग्यूची शंका असताना पॅरासिटामॉलखेरीज अन्य वेदनाशामक घेऊ नये, कारण रक्तस्रावाची भीती असते.

डॉक्टरांकडे जाताना

भिंतीवरच्या ज्या कॅलेंडरवर दुधाचा खाडा आणि सिलिंडरची तारीख लिहिली जाते, त्याच्यावरच दोन महिने नोंद ठेवावी: डोके दुखले त्या दिवशी एक फुली, शेजारी सुरू होण्याची व थांबण्याची वेळ, दहापैकी किती दुखले तो आकडा, घेतलेली गोळी आणि पाळीचे दिवस. उपास, न्हाणे, जागरण असेल तर एका शब्दात तेही लिहावे. झटका आला की सोसेनासे होईपर्यंत वाट न पाहता गोळी सुरुवातीलाच पुरेशा मात्रेत घ्यावी, कारण जठर मंदावल्यावर ती नीट शोषली जात नाही. उलटी थांबवणारे औषध सोबत लागेल का, हे डॉक्टर सांगतील. फुल्या महिन्याला चारपेक्षा जास्त होत असतील तर प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट किंवा फ्लुनारिझिन यांसारख्या प्रतिबंधक औषधांविषयी स्वतःहून विचारावे. ती रोज घ्यायची असतात आणि त्यांचा गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून पंधरा दिवसांत उपयोग नाही असे म्हणून सोडू नयेत. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, आणि गर्भधारणेचा विचार असेल तर टोपिरामेट नको; या दोन्ही गोष्टी आधीच सांगाव्यात. कॅलेंडरची ती पाने, आतापर्यंतच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि झटका पाहिलेले घरातील एक माणूस, एवढे सोबत न्यावे.